न कापलेली गाठ

९ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं आणि फोटोही. तीन झाडांना मिळून एक टोमॅटो, आणि त्याच्या शेजारी छाती काढून उभं राहायचं, हे आमच्या बंधुराजांनाच शोभतं. त्याला सांग, लहानपणी शाळेत शेवटून दुसरा आला होता तेव्हाही असाच उभा राहिला होता.

फोनच करणार होते. पण ऑपरेशन झाल्यापासून दोन मिनिटं बोललं की माझा आवाज बसतो, हे तुला ठाऊक आहे. आणि आजचं काम दोन मिनिटांचं नाही.

आमच्या महिला मंडळाने दर वर्षीप्रमाणे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गळा तपासणीचं शिबिर ठेवलंय. गळ्यावरून ते सोनोग्राफीचं यंत्र फिरवतात आणि थायरॉईडमध्ये कॅन्सरची गाठ आहे का ते बघतात. दर वर्षी आधी मी बोलते. स्कार्फ काढते, व्रण दाखवते आणि सांगते, "वीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचणारी बाई आज तुमच्याशी घोगऱ्या आवाजात बोलतेय. पण बोलतेय. कारण वेळेत तपासणी केली." एवढं ऐकलं की बायका आपसूक रांगेत उभ्या राहतात.

यंदा आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वहिनी कॅन्सरच्याच संशोधनात आहेत ना? त्यांना बोलवा की. त्या नक्की करतात काय?"

मी म्हटलं, "मोजतात."

"काय मोजतात?"

"माणसं."

"म्हणजे तपासतात?"

"नाही."

"औषध शोधतात?"

"नाही बहुतेक."

त्यावर त्या ज्या हसल्या, त्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू आमच्या घरात आलीस तेव्हा माझी मुलगी खारू दुधाचे दात पाडत होती. आता ती पोहण्याच्या तलावावर दुसऱ्यांच्या पोरांना ओरडते. एवढ्या वर्षांत तू ऑफिसात जाऊन काय करतेस हे मी एकदाही विचारलं नाही. आता विचारते. सरळ भाषेत लिही आणि शिबिराला ये. फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार आहे.

वन्सं

२० जानेवारी

वन्सं,

तुम्ही अध्यक्षीणबाईंना जे सांगितलंत ते अगदी बरोबर आहे. माझं काम इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सविस्तर लिहायचं तर, गणितात पदवी घेतली तेव्हा मला विमा कंपनीत जायचं होतं. कॅन्सर नोंदणी केंद्रातली जागा मी नुसती सुट्टीपुरती धरली. हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून आमची खोली होती. तापलेल्या चादरींचा वास यायचा. शहरात कुणालाही कॅन्सर झाला की त्याचं एक कार्ड आमच्याकडे यायचं: वय, धंदा, कुठला कॅन्सर, पुढे काय झालं. आमचे सर म्हणजे बुटके, शांत, सदानकदा केळं खाणारे गृहस्थ. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात 'धंदा' या रकान्यात काय सापडतं ते बघायला सांगितलं. मी बघितलं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं, "सर, कॅन्सर निवृत्त लोकांना फार होतो."

सर म्हणाले, "मग आपण निवृत्तच होऊ नये."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. कार्ड भरणाऱ्याने म्हातारा माणूस दिसला की 'निवृत्त' लिहून टाकलं होतं. तो आधी काय करायचा हे कुणी विचारलंच नव्हतं. मग मी घरोघरी जाऊन विचारायला लागले. कुणी दार लावून घेतलं, कुणी अल्बम काढून बसवलं. त्यातून बूट कारखाना पुढे आला. तळवे चिकटवण्याच्या विभागात काम केलेल्या माणसांमध्ये रक्ताचा कॅन्सर जरा जास्त दिसत होता. 'जरा जास्त' म्हणजे खरंच जास्त की नुसता योगायोग, हे ठरवणं म्हणजेच माझी नोकरी. त्यात बरीच वर्षं गेली. शेवटी दोष गोंदात निघाला. गोंद बदलला, हवा बाहेर टाकणारे पंखे बसले.

यात वाचलं कोण, ते मला कधीच कळणार नाही. जो आजारी पडलाच नाही, त्याला आपण वाचलो हेही ठाऊक नसतं. पण पुढच्या वर्षांत त्या विभागाची रेघ खाली उतरली, आणि ती आलेखावर मी स्वतः काढली. त्या संध्याकाळी मी तुमच्या भावाला कारण न सांगता आईस्क्रीम खायला नेलं. त्याला अजून वाटतं की मी त्याचा वाढदिवस चुकीच्या महिन्यात साजरा केला.

विमा कंपनीचा विचार पुन्हा मनात आला नाही. या कामात मी सुखी आहे, वन्सं. कुणी विचारत नाही म्हणून सांगायची वेळ आली नव्हती इतकंच.

शिबिराला मात्र येऊ शकत नाही. मी सध्या ज्या अभ्यासावर आहे तो गळ्याच्या तपासणीचाच आहे. चौदा वर्षं चाललाय. त्याचे आकडे पुढच्या महिन्यात उघडायचे आहेत, आणि निकाल छापून येईपर्यंत आमच्या तोंडाला कुलूप. तुम्ही रागावणार नाही, असं धरून चालते.

तुमची वहिनी

३ मार्च

वहिनी,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

शिबिर झालं. गर्दी चांगली होती, पण पहिली कोण जाणार यावर सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मी खारूला पुढे केलं. म्हटलं, माझीच मुलगी आधी गेली की बाकीच्यांची भीड चेपेल. ती हसत हसत जाऊन झोपली. यंत्र फिरवणारी मुलगी आधी बोलत होती, मग ते एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवायला लागली. वाटाण्याहून लहान गाठ आहे. सुई घालून तपासलं. काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

सर्जन भला माणूस आहे. म्हणाला, लवकर सापडलं, नशीबवान आहात. एप्रिलच्या मध्यावर तारीख दिलीये. सगळी ग्रंथी काढायची, माझी काढली तशीच, आणि मग जन्मभर रोज सकाळी एक गोळी.

खारू शांत आहे. तिने एवढंच विचारलं, "आवाज तुझ्यासारखा होईल का?" तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोरांना ओरडायचं तर तिला आवाज लागतो. मी म्हटलं, सगळ्यांचा नाही होत.

मी ठीक आहे. मी स्वतः यातून गेलेय, उदाहरण म्हणून उभी आहेच. तरी तुला विचारते. तू आयुष्यभर याच कामात आहेस. एक ओळ लिही, की वन्सं, तुम्ही करताय ते बरोबर आहे. बाकी काही नको.

वन्सं

७ मार्च

वन्सं,

पत्र वाचलं. खारूला माझं खूप खूप प्रेम सांगा.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी तिने सर्जनना तीन गोष्टी विचाराव्यात. गाठ नेमकी किती मोठी आहे आणि ती ग्रंथीच्या बाहेर पसरली आहे का? आत्ता न कापता सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं तर काय बिघडेल? आणि ऑपरेशनने आवाजाचं आणि बाकीचं काय काय होऊ शकतं?

शिवाय दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घ्यावं. पत्ता सोबत आहे. एवढ्या लहान गाठी ते काही वेळा लगेच न कापता नजरेखाली ठेवतात. त्यांनी ते लिहूनही प्रसिद्ध केलंय, त्यात लपवाछपवी काही नाही.

तुम्ही मागितलेली ओळ मी लिहू शकत नाही. याहून जास्तही काही लिहू शकत नाही. कृपा करून हे पत्र खारूला वाचायला द्या.

तुमची वहिनी

३० मार्च

वहिनी,

तू उत्तर दिलंस, की तुमच्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईने? माझ्या मुलीच्या गळ्यात कॅन्सर, आणि तू प्रश्नपत्रिका पाठवतेस. धीराचा एक शब्द मागितला होता. तेवढाही तुझ्याकडे निघाला नाही.

पत्र मी खारूला देणार नव्हते. तिने टेबलावरून उचललं. वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या त्या डॉक्टरकडे गेली. एकटीच. परत आली ती ऑपरेशनची तारीख रद्द करून. तो म्हणे गाठ दर सहा महिन्यांनी मोजणार, वाढली तर कापणार, नाही वाढली तर तशीच राहू देणार. राहू देणार म्हणजे काय? ती काय पेइंग गेस्ट आहे?

मी तिच्याशी भांडले. म्हणाले, "मी तपासणी केली नसती तर आज तुला आई नसती."

ती म्हणाली, "आई, तू तेव्हा केलंस ते तुझं. हे माझं आहे."

आणि गेली तलावावर. गळ्यात कॅन्सर आहे आणि त्याच गळ्यात शिट्टी अडकवून फिरतेय.

तुझ्या मनात काय आहे मला कळत नाही. माणसं मोजून मोजून तुला आपलं माणूसही त्यातलंच एक दिसायला लागलंय, असं मला वाटायला लागलंय. तिला समजाव. ती तुझं ऐकेल. ते करणार नसशील तर मला पत्र लिहू नकोस.

वन्सं

२ जून

वन्सं,

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितेय.

मी खारूला समजावलं नाही. का, ते आज सांगता येत नाही. तुमच्या भावालाही सांगितलेलं नाही, त्यामुळे तोही फुगून बसलाय. दोन भावंडांचा अबोला मी एकटी सोसतेय, आणि त्यातला एक रोज माझ्यासमोर बसून जेवतो. मीठ हवं असलं तरी मागत नाही, मान लांब करून बघतो.

त्याचा दुखरा गुडघा आता बरा आहे. तुमची तब्येत कशी आहे, तेवढं एका ओळीत कळवा.

तुमची वहिनी

११ सप्टेंबर

वन्सं,

येत्या गुरुवारी आमचा निकाल प्रसिद्ध होतोय. शुक्रवारी वर्तमानपत्रात येईल. तुम्ही तो अनोळखी माणसाच्या शब्दांत वाचू नये, म्हणून हे पत्र मुद्दाम आधी पोचेल असं टाकतेय. बसून वाचा.

अभ्यास असा होता. चौदा वर्षांपूर्वी एकाच वयाच्या, एकाच भागातल्या बायकांचे आम्ही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या बायकांना बोलावून दर दोन वर्षांनी गळा तपासला. दुसऱ्या गटाला बोलावलं नाही, काही त्रास झाला तर त्या आपणहून डॉक्टरकडे जातील तेवढंच. मग आम्ही वाट बघितली.

तपासलेल्या गटात गाठी कितीतरी पटीने जास्त सापडल्या. त्यामुळे ऑपरेशनंही कितीतरी जास्त झाली. मग मरणाऱ्यांची संख्या तपासलेल्या गटात कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही. त्या कॅन्सरने गेलेल्या बायका दोन्ही गटांत अगदी थोड्या आणि जवळजवळ सारख्याच होत्या. याचा अर्थ, जास्तीच्या सापडलेल्या बहुतेक गाठी अशा होत्या की त्यांनी कधीच कुणाचं वाकडं केलं नसतं. न तपासलेल्या गटातही त्या असणारच. त्या बायका आपल्या गाठीसकट आपापली कामं करताहेत, आणि त्यांना काही कळलेलंही नाही.

हे मी फेब्रुवारीत बघितलं, तुमच्या शिबिराच्या आदल्या आठवड्यात. गणित तीन वेळा पुन्हा केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की आपलं चुकावं. डोळ्यांसमोर तुमचा तो निळा स्कार्फ होता. गणित बरोबर होतं.

आणि मग खारूबद्दलचं तुमचं पत्र आलं. मी ते घेऊन आमच्या समितीच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, माझ्या भाचीची तारीख ठरलीये, तिला सांगू द्या. ते वाईट माणूस नाहीत. तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आकडे अजून दुसऱ्या कुणी तपासलेले नाहीत. त्यात चूक निघाली तर? आणि तुमच्या भाचीला सांगितलं, तर उरलेल्या भाच्यांनी काय करायचं?" मग मी तुम्हाला फक्त तेवढंच लिहिलं, जे आधीपासून छापलेलं होतं आणि कुणीही कुणाला सांगू शकलं असतं. कोरडं झालं, मला माहीत आहे. एक शब्द जास्त लिहिला असता तर सगळंच बाहेर पडलं असतं.

आकडे तपासून झाल्यावर निकाल आम्ही बंद दाराआड काही डॉक्टरांसमोर मांडला तेव्हा मागच्या रांगेतून एका सर्जननी विचारलं, "मग इतकी वर्षं आम्ही केलं ते काय?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

एक महत्त्वाचं. हे फक्त या गाठींपुरतं आणि काही त्रास नसताना केलेल्या तपासणीपुरतं आहे. गळ्याला हाताला लागेल अशी गाठ आली, आवाज बदलला, तर डॉक्टरकडे जायचंच. आणि स्तनांची किंवा गर्भाशयाच्या मुखाची तपासणी वेगळी, तिने जीव वाचतात. तीही मोजलेलीच आहे. मंडळातल्या बायकांनी सगळंच सोडून देऊ नये.

तुम्ही मला माणसं मोजणारी म्हणालात. ते खरंच आहे. पण तुम्ही आणि खारू त्या मोजणीत कधीच नव्हता, म्हणून तर हे सात महिने इतके जड गेले. आज तुमच्या भावाला सगळं सांगितलं. त्याने उठून दोघांसाठी चहा केला. साखर विसरला.

तुमची वहिनी

४ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र बुधवारी मिळालं. शुक्रवारी वर्तमानपत्रही आलं. तुझं जास्त चांगलं लिहिलेलं आहे.

उत्तराला उशीर झाला कारण लिहायला बसले की पहिली ओळ प्रत्येक वेळी वेगळी निघायची. एकदा तुझ्यावर चिडून लिहिलं, एकदा सर्जनवर, एकदा आपल्यावरच. सगळी फाडली.

खरं सांगते. पहिले काही दिवस मी स्कार्फ लावलाच नाही. आरशात गळा बघायचे. इतकी वर्षं तो व्रण मला मेडलसारखा वाटत होता. लोकांना काढून दाखवायचे. आता तिथे नुसता व्रण दिसत होता. आणि आवाज गेला तो. आवाज म्हणजे माझी नोकरी होती, माझी ऐट होती. पलटणीतली पोरं घरी पत्रं लिहायची की अमुक बाई बातम्या वाचतात तेव्हा घरी असल्यासारखं वाटतं. मी मनाशी सौदा केला होता, आवाज दिला आणि जीव राखला. आता तू म्हणतेस की कदाचित सौदा नव्हताच.

आणि मी रांगेत उभ्या केलेल्या त्या सगळ्या बायका. त्यांचं काय करू?

खारू शहाणी निघाली. सहा महिन्यांची तपासणी झाली. गाठ होती तेवढीच आहे. मला तिने फोन करून सांगितलं आणि म्हणाली, "तुझा पेइंग गेस्ट भाडं न देता गप्प बसलाय." मार्चमधलं माझं पत्र टपालात पडण्याआधीच तिने वाचलं होतं तर. जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी रडूही आलं. कशाचं ते कळलं नाही.

मार्चमध्ये तुला जे लिहिलं, ते परत घेते. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही, तू समजून घे.

आता सरळ विचारते, सरळ उत्तर दे. समजूत काढायची नाही. माझं ऑपरेशन उगाच झालं का?

वन्सं

१२ ऑक्टोबर

वन्सं,

सरळ उत्तर: मला माहीत नाही. आणि हे कुणालाच, कधीच कळणार नाही.

तुमच्यासारखी गाठ सापडलेल्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या बहुतेकींना ऑपरेशनची गरज नव्हती, असं मी खात्रीने सांगू शकते. एखाददुसरीला कदाचित होती. तुम्ही बहुतेकींमधल्या की त्या एखाददुसरीतल्या, हे मला सांगता येत नाही. कारण गाठ काढली, आणि ती राहिली असती तर काय झालं असतं हे दाखवणारी दुसरी वन्सं जगात नाही. असती तर घरात आणखी मजा आली असती, पण नाही. माझं शास्त्र शंभर जणींबद्दल बोलतं. एकटीसमोर ते मुकं होतं. त्याची मला अनेकदा लाज वाटते, पण त्याला खोटं बोलायला लावायचं नाही, हे मी ठरवलेलं आहे.

त्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावर तुम्ही ठरवलंत. जास्त ठाऊक असलेलं तेव्हा कुणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी तुमच्या भावाशेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, लवकर सापडलं.

बायकांचं काय करू, विचारलंत. तर एक काम आहे. अभ्यासात भाग घेतलेल्या सगळ्या बायकांना आम्ही निकालाचं पत्र पाठवणार आहोत. मसुदा सोबत आहे. आम्ही पाच जणांनी मिळून लिहिलाय, आणि मला शंका आहे की आम्हा पाचांशिवाय तो कुणाला कळणार नाही. तुमच्या मंडळातल्यांनाही तेच वाटता येईल. एकदा बघाल?

तुमची वहिनी

२५ ऑक्टोबर

वहिनी,

मसुदा परत पाठवतेय. लाल शाई संपली म्हणून शेवटच्या पानावर हिरवी आहे.

'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळून आला नाही' हे वाक्य कुठल्या बाईला पाठवणार आहात? मी लिहिलंय, 'दोन्ही गटांत मरण पावलेल्या बायका जवळजवळ सारख्याच होत्या.' यात काही चुकलं असेल तर सांग, नाहीतर हात लावू नका. 'सहभागी व्यक्ती' सगळीकडे काढून 'तुम्ही' केलंय. आणि आभार शेवटी होते ते वर आणलेत. चौदा वर्षं गळा पुढे करणाऱ्या बाईला आधी नमस्कार करावा, मग आकडे सांगावेत.

ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांच्यासाठी तुम्ही एकही ओळ लिहिली नव्हती. पाच शिकलेली माणसं, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. ती जागा मोकळी ठेवलीये. काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तूही विचार कर.

वन्सं

१५ फेब्रुवारी

वहिनी,

परवा सभा झाली. शिबिर नाही, नुसती सभा. त्याच हॉलमध्ये. अध्यक्षीणबाई आधी नाहीच म्हणत होत्या, लोकांचा विश्वास उडेल म्हणून. मी म्हटलं, दर वर्षी मला पुढे उभं करून विश्वास बसवलात ना, मग आताही मीच उभी राहते.

निकालाचं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण. मध्ये दोनदा पाणी प्यायले. तू फोनवर सांगितलेली ती ओळ, 'तुमचं ऑपरेशन झालं असेल तर तुम्ही काही चूक केलेली नाही, आणि तुमच्या औषधात आता काही बदल करायचा नाही', तीही वाचली. मग मागून एक बाई उठल्या. कपडे शिवायचं काम करतात. चार वर्षांपूर्वी माझं भाषण ऐकून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचीही ग्रंथी काढली. त्या म्हणाल्या, "मग माझं उगाचच झालं?"

तुझं उत्तर मला तोंडपाठ होतं. शंभर जणी, एखाददुसरी, सगळं. पण त्या उभ्या होत्या त्या टोकाला आणि मी या टोकाला, माइकमागे. तेवढ्या लांबून ते सांगावंसं वाटेना. मी खाली उतरले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. सभा तिकडे थांबली ती थांबली. अध्यक्षीणबाईंनी कुणालातरी चहा मागवायला सांगितलं, ते बरं केलं.

आम्ही दोघी बोलत बसलो. त्याही सकाळची गोळी विसरतात. त्यांनीही चार वर्षं गळाबंद ब्लाउज शिवून घातलेत, स्वतःचे स्वतः. मी म्हटलं, बाकी मला काही नीट सांगता येत नाही, पण शिवण उत्तम आहे. तेव्हा त्या थोड्या हसल्या. मग मी तुझं उत्तर सांगितलं, हळूहळू. की कळणार नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही.

त्यांनी हातातला कप खुर्चीखाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हाला राग नाही येत?"

मी म्हटलं, "येतो. मंगळवारी जास्त येतो. पूर्वी मंगळवारी सकाळच्या बातम्यांना माझी पाळी असायची."

"मग काय करता?"

"वहिनीला पत्र लिहिते."

त्या म्हणाल्या, "मला वहिनी नाही." मी म्हटलं, "मग मला लिहा." पत्ता दिलाय. सर्जनही आले होते, दाराशी उभे होते. जाताना पत्राच्या प्रती मागितल्या, दवाखान्यात ठेवायला. मी होत्या तेवढ्या दिल्या.

खारूची वर्षाची तपासणी झाली. गाठ तेवढीच. तिच्या तलावावरची एक मुलगी स्पर्धेत दुसरी आली, तर हिने एवढी आरोळी ठोकली की पंचांनी समज दिली.

आज मंगळवार आहे. सकाळपासून वाट बघितली, राग काही आला नाही. पण लिहायची सवय लागलीये, म्हणून लिहिलं.

वन्सं